माहिती कोणाला, किती आणि कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक आरोग्याच्या कामासाठी रुग्णांची माहिती मागितली की डॉक्टर हात आखडता घेतात, अशी तक्रार अलीकडे वारंवार कानावर येते. फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना या आडमुठेपणाचा ठपका माझ्यावरही आलेला आहे, म्हणून हे पत्र.

माहिती देण्यालाच आमचा विरोध आहे, हा समज आधी दूर व्हायला हवा. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला, तेव्हा तिथले डॉक्टर जॉन स्नो यांना मृतांचे पत्ते मिळाले नसते, तर ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाकडे त्यांना बोट दाखवता आले नसते. क्षयरोग किंवा गोवर यांसारख्या आजारांची नोंद कळवण्याबाबत आमच्यापैकी फारसे कोणी कुरकुर करत नाही, कारण तिथे काय कळवायचे आणि त्याचे पुढे काय होणार, हे दोन्ही ठरलेले असते. एखाद्या साथीचे निमित्त पुढे करून रुग्णाचा संपूर्ण इतिहास, म्हणजे जुना गर्भपात, नैराश्यावरची औषधे, दारूचे व्यसन, सारे काही एकगठ्ठा मागितले जाते, तेव्हा मात्र आमचा हात थांबतो.

यावर ‘नावे काढून टाकतो’ हे ठरलेले उत्तर मिळते. नव्वदच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांची रुग्णालयीन माहिती अशीच नावे वगळून संशोधकांना दिली गेली होती. लटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने ती मतदार यादीशी ताडून पाहिली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड एवढ्याच धाग्यांवरून खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या. आजार दुर्मीळ असेल आणि वस्ती लहान, तर एवढ्या खटाटोपाचीही गरज नसते. वय आणि आजाराचे नाव पुरते.

तपासणीच्या खोलीत याचा परिणाम कसा दिसतो, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. रुग्ण बोलता बोलता थांबतो, केस पेपरकडे पाहतो आणि म्हणतो, “डॉक्टर, हे एवढे लिहू नका.” अशा वेळी न लिहिणे म्हणजे पुढच्या उपचारांत धोका, आणि लिहिणे म्हणजे पुढच्या खेपेस तो गप्प राहण्याची शक्यता. नोंदी दूरवर जातात हे एकदा ठाऊक झाले की लोक लपवू लागतात, आणि मग आरोग्य खात्याच्या हाती पडणारे आकडेही तितकेच पोकळ असतात. गोपनीयतेला सार्वजनिक हिताच्या विरोधात उभे करणारे विद्वान ही बाजू का विसरतात, हे मला उमगलेले नाही.

इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करण्यासाठी २०१३ साली जाहीर झालेली ‘केअर.डेटा’ योजना याच अविश्वासापायी रखडली आणि २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. त्याच देशात कोविडच्या काळात ‘ओपनसेफली’ या आरोग्य-संशोधनाच्या संगणकीय यंत्रणेने वेगळी वाट धरली. नोंदी होत्या त्याच जागी राहिल्या, संशोधकांनी आपले प्रश्न संगणकीय आज्ञावलीच्या रूपात तिथे पाठवले, आणि बाहेर आली ती केवळ गोळाबेरीज. एक कोटी सत्तर लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून कोविडमुळे मृत्यूचा धोका कोणाला जास्त, हे त्यातून समजले आणि त्यासाठी कोणाची फाइल कोणाच्या हाती द्यावी लागली नाही.

सगळीकडे एवढी यंत्रणा लगेच उभी राहणार नाही, हे मान्य. पण मागणीपत्रात नेमके कोणते रकाने हवेत, ते कोण पाहणार, विमा कंपन्या वा पोलिसांपर्यंत ते जाणार का आणि केव्हा नष्ट होणार, एवढे लिहायला यंत्रणा लागत नाही. शिवाय माहिती फुटली तर जबाबदारी कोणाची, हेही त्यातच नमूद व्हावे. आज रुग्ण जाब विचारायला येतो तो आमच्याच दारात. असे पत्र ज्या दिवशी येईल, त्याच दिवशी माझ्याकडची माहिती रवाना होईल.

आपला विश्वासू,
एक फॅमिली डॉक्टर