ताई, तुमच्यामुळे काम सुधारलं आणि संध्याकाळही हाती आली

आदरणीय ताई,

तुमच्या निरोपसमारंभात सगळेच तुमच्या अचूकपणाबद्दल भरभरून बोलले. तुमच्या नजरेखालून गेलेलं पान निर्धास्तपणे छापायला द्यावं, हे खरंच आहे. पण तुम्ही रोज वेळेवर घरी जायचात, हे कुणाच्याच भाषणात आलं नाही. तुमचा अचूकपणा आणि तुमचं वेळेवर निघणं यांचा किती जवळचा संबंध होता, ते मला तुमच्या शेजारच्या टेबलावर बसून कळलं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही जे शिकवलंत ते मुद्रितशोधनाबाहेरच्या माणसालाही तितकंच उपयोगी पडेल.

मी आधी जिथे काम करत होते तिथे साहेब उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा अलिखित नियम होता. उशिरापर्यंत बसेल तो कष्टाळू, वेळेवर निघेल तो कामचुकार. तीच सवय घेऊन मी तुमच्या विभागात आले. तुम्ही मला एकदाही ‘लवकर जात जा’ म्हणाला नाहीत. फक्त एक काम सांगितलंत: प्रत्येक प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, वाचून झालं की वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वेळ लिहायची.

ती वेळ कशासाठी, ते महिनाअखेरीला उलगडलं. छापून आलेल्या पानांत राहिलेल्या चुकांवर तुम्ही खुणा केल्या होत्या आणि प्रत्येक पानाशेजारी त्याचं प्रूफ ठेवलं होतं. एका तक्त्यात सालातले दोन आकडे उलटसुलट झालेले. एका शीर्षकात ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ. एका ओळीच्या शेवटी ‘आणि’ आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा ‘आणि’. ही पानं विभागातल्या सगळ्यांचीच होती. कुणी वाचलं ते तुम्ही झाकून ठेवलं होतंत, कोपऱ्यातली वेळ तेवढी उघडी होती. बहुतेक चुका संध्याकाळनंतर वाचलेल्या पानांवर होत्या. शिवाय तीच पानं दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी पुन्हा वाचत होतं, म्हणजे उशिरा बसून केलेल्या कामाचा बराचसा भाग दुसऱ्यांदा करावा लागत होता. त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

पुढे वरिष्ठांनी सगळ्यांनी रोज दोन तास जास्त थांबावं असं सुचवलं, तेव्हा तुम्ही ही पानं घेऊन त्यांच्याकडे गेलात. सोबत जॉन पेन्काव्हेल या अर्थशास्त्रज्ञांचा 2014 सालचा अभ्यासही नेलात. नंतर तो मला वाचायला दिलात. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांत कामगार, त्यातही मुख्यतः बायका, प्रचंड तास राबत होत्या. त्यांच्या आरोग्याचा विचार करायला 1915 मध्ये एक सरकारी समिती नेमली गेली आणि त्या समितीने कामाचे तास व उत्पादन यांच्या नोंदी जमवल्या. पेन्काव्हेल यांनी जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण 49 तासांपर्यंत तास वाढले की उत्पादनही त्याच प्रमाणात वाढत होतं. त्यापुढे वाढीचा वेग घटत गेला. 70 तासांच्या आठवड्यातलं उत्पादन 56 तासांच्या आठवड्यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. म्हणजे 14 तास जवळजवळ पाण्यात गेले. सुट्टीचा वारही कामात घालवला की आठवड्याच्या उत्पादनाला फटका बसत होता, हेही त्यात दिसलं. कारखान्यातली बाई आणि टेबलाशी बसलेली मी यांत फरक आहे, हे मान्य. पण यंत्रावरचा हात थकतो तसं प्रूफ वाचणारं डोकंही थकतं, आणि डोक्याचा थकवा वरून दिसत नाही. तो जास्तीच्या दोन तासांचा प्रस्ताव मागे पडला. त्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आता तुमच्या पेन्सिलीच्या एका ओळीबद्दल. माझ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. काम अर्धवट ठेवून उठायची वेळ आली की तुम्ही समासात एक ओळ लिहायचात. ‘परिच्छेद दुसरा, बेरीज तक्त्याशी जुळत नाही, मूळ प्रत बघणे.’ एवढंच, आणि मग उठायचात. मी तेव्हा अर्धवट काम डोक्यात घेऊन घरी जायचे. जेवताना बेरीज, झोपताना बेरीज. शरीर घरी असायचं खरं, पण विश्रांती अशी होतच नव्हती. तुमचं बघून मीही तशी ओळ लिहायला लागले आणि डोक्यातली भुणभुण थांबली. उद्या नेमकं कुठून सुरू करायचं ते कागदावर आलं की ते लक्षात ठेवायची जबाबदारी मनावर राहत नाही. या विषयावर सोफी लरॉय यांचं संशोधन आहे. माणूस एका कामातून दुसऱ्याकडे वळतो तेव्हा लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो, असं त्यांनी 2009 मध्ये मांडलं. पुढे 2018 मध्ये थेरेसा ग्लोम यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की उठण्यापूर्वी आपण कुठे थांबलो आणि परतल्यावर काय करायचं हे थोडक्यात लिहून ठेवलं तर ही अडकण कमी होते. सकाळी माझा सुरुवातीचा बराच वेळ ‘कुठवर आलो होतो’ हे शोधण्यात जायचा. आता ती ओळ वाचते आणि थेट कामाला लागते.

दुपारी तुम्ही फोन खणात ठेवून खिडकीशी उभ्या राहायचात. पडद्याकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, म्हणून दूरवर बघायचं. मीही तेच करते. फोन चाळणं म्हणजे पुन्हा वाचणंच, हे तुमचं म्हणणं मला तेव्हा कडक वाटायचं, आज अगदी पटतं.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं झालं आहे. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं थांबणं ही पद्धत तुम्हाला मानवली. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, विद्यार्थिदशेत, टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ती बसवली होती. पत्रव्यवहार आणि किरकोळ कामं हातावेगळी करायला ती छानच आहे. पण लांब प्रकरणाचं प्रूफ वाचताना ती घंटा माझी तंद्री मोडते. मी प्रकरणातला एखादा भाग संपला की थांबते. थांबायचं कुठे ते वाचायला बसण्याआधी ठरवते, हे मात्र तुमचंच.

कारण स्वतःच्या थकव्याचा अंदाज आपल्यालाच येत नाही. हान्स व्हॅन डाँगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना सलग 14 दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमीच झोप मिळत होती. शेवटी त्यांचं लक्ष आणि आकलन एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं घसरलं होतं. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेसेच पेंगुळलो आहोत असं वाटत होतं. ‘अजून वाचू शकते’ असं मला रात्री वाटतं, त्यावर म्हणूनच मी विसंबत नाही. कोपऱ्यातली वेळ जास्त खरं सांगते.

आणखी एक सांगायचं आहे. विश्रांतीने काम चांगलं होतं हे खरं, पण तेवढ्यासाठीच ती घ्यावी असं तुम्ही कधी मानलं नाहीत. ‘घरी काय करता?’ असं कुणी विचारलं, की त्या वेळेचा हिशेब ऑफिसला द्यायचा नसतो, असं तुम्ही शांतपणे सांगायचात. आता मी संध्याकाळी आईबरोबर फिरायला जाते. तिला हळू चालावं लागतं. पूर्वी मी तिला घाई करायचे, हल्ली करत नाही. त्या फिरण्यातून माझं प्रूफ सुधारतं की नाही, ते मी बघत नाही.

तुमच्या जागेवर आता मी बसते. विभागात दोन नवे सहकारी आले आहेत आणि दोघंही उशिरापर्यंत थांबतात. पेन्सिलीने वेळ लिहायला मी त्यांना सांगितलं आहे. तुम्ही जमवलेल्या त्या जुन्या पानांची फाइल कपाटात आहे. नावं झाकून ती त्यांना दाखवावी असं माझ्या मनात आहे, पण ती फाइल तुमची आहे. तुमची हरकत नसेल तर कळवा. आणि सवड असेल त्या दिवशी या. ती पानं तुम्हीच त्यांच्यापुढे मांडलीत तर मला फार आनंद होईल.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची