ध्वनीच्या आज्ञांना ‘चीट’ म्हणून कुलूप नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात नातीला एका उन्हाळी शिबिरात पोहोचवायला गेलो असताना ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांचे जग रचण्याच्या संगणकीय खेळाचा एक तास मागच्या बाकावर बसून पाहिला. मी गणिताचा निवृत्त शिक्षक असून हौसेने पेटी वाजवतो, त्यामुळे खेळात रस नसला तरी त्यातील आवाजांकडे कान होते. तासाच्या मध्यावर एका मुलाने कमांड ब्लॉकमध्ये, म्हणजे लिहिलेली आज्ञा बजावणाऱ्या ठोकळ्यात, विजेच्या कडकडाटाची आज्ञा भरली आणि तो ठोकळा ‘रिपीट’वर ठेवून दिला. या खेळाचे घड्याळ सेकंदाला २० ठोके देते आणि असा ठोकळा प्रत्येक ठोक्याला आपली आज्ञा नव्याने बजावतो. पुढे काय झाले असेल याची कल्पना आपण करू शकता. मार्गदर्शकांनी स्पीकरची वायर उपसली आणि ‘यापुढे कोणीही चीट्स (आज्ञा वापरण्याची मुभा) चालू करायचे नाहीत’ असे फर्मान काढले. आधी तो ठोकळा फोडायचा आणि मग आवाज थांबवणारी ‘स्टॉपसाउंड’ ही आज्ञा द्यायची, एवढ्याने काम भागले असते, हे नातीने मला घरी परतताना सांगितले. तिथे सांगायचे तिचे धाडस झाले नव्हते.

त्या फर्मानाविषयीच मला लिहायचे आहे, कारण ते एका शिबिरापुरते नाही. मोबाइलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत आज्ञा वापरण्यासाठी जे बटण सुरू करावे लागते त्याचे नावच ‘चीट्स’ आहे, आणि ते सुरू केल्यावर त्या जगापुरती खेळातील पारितोषिके कायमची बंद होतात. साहजिकच पालकांना वाटते की आपला मुलगा काहीतरी लबाडी करतो आहे. संगणकावरील जावा आवृत्तीत हेच बटण आता ‘आज्ञांना परवानगी’ अशा अर्थाच्या नावाने दिसते, आणि तेच नाव योग्य आहे. हिरे फुकट मिळवणे ही लबाडी म्हणता येईल. पावसाचा आवाज कुठून यावा आणि कोणाला ऐकू जावा हे ठरवण्यात कसली लबाडी आली?

जावा आवृत्तीतील आवाज वाजवणारी ‘प्लेसाउंड’ ही आज्ञा मी नातीकडून शब्दशः उतरवून घेतली. आधी आवाजाचे नाव, मग त्याचा वर्ग, मग तो कोणाला ऐकवायचा ते, मग जागेचे तीन अंक, मग आवाजाची पातळी, मग पट्टी (स्वर किती उंच असावा तो आकडा), आणि शेवटी दूरच्यांना किमान किती ऐकू यावे तो आकडा. ‘@’ या चिन्हापुढे ‘ए’ लिहिले तर सर्व खेळाडूंना, ‘पी’ लिहिले तर सर्वांत जवळच्या एकालाच आवाज ऐकू येतो. यातील पातळीचा आकडा मला प्रथम फसवून गेला. पातळी १ ठेवली तर आवाज १६ ठोकळ्यांपर्यंत पोहोचतो. ३ केली म्हणजे तो तिप्पट मोठा होईल असे मला वाटले, पण प्रत्यक्षात तो मोठा होत नाही, ४८ ठोकळ्यांपर्यंत पोहोचतो एवढेच. घंटेच्या अगदी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काहीच फरक जाणवत नाही, वेशीवरच्या माणसाला मात्र ती ऐकू येऊ लागते. शाळेत ही गोष्ट आकृती काढूनही मला इतकी नीट समजावता आली नसती.

वर्गाचे महत्त्व थांबवताना कळते. संगीत, तबकड्या, हवामान, ठोकळे, शत्रू प्राणी, परिसर असे वर्ग आहेत आणि खेळाच्या सेटिंगमधील सरकपट्ट्याही त्याच वर्गांच्या आहेत. ‘स्टॉपसाउंड’मध्ये फक्त संगीताचा वर्ग दिला तर पार्श्वसंगीत थांबते आणि पावलांचे आवाज, पाणी, गुरांचे हंबरणे तसेच राहते, काही वेळाने खेळ आपणहून पुन्हा एखादी धून सुरू करतो, हा भाग वेगळा. म्हणजे कडकडाट भरणाऱ्या त्या मुलाने हवामानाचा वर्ग निवडला असता, तर ज्याला त्रास होत होता त्याने तेवढी एक सरकपट्टी खाली ओढली असती. मोबाइलच्या आवृत्तीत हे वर्ग ‘प्लेसाउंड’ला नाहीत, पण तिथे ‘म्युझिक’ नावाची स्वतंत्र आज्ञा आहे. तिने धून लावता येते, रांगेत ठेवता येते, किती सेकंदांत हळूहळू विरावी हे सांगता येते आणि ती एकदाच वाजावी की फिरून फिरून, हेही ठरवता येते. नाटकाच्या विंगेत बसून ध्वनिसंयोजन करणारा माणूस याहून निराळे काय करतो?

पेटी वाजवणाऱ्या माणसाला खरा धक्का पट्टीच्या आकड्याने दिला. या खेळात नोट ब्लॉक नावाचा ठोकळा आहे, तो दोन सप्तकांत २५ स्वर देतो, आणि त्याच्याखाली लाकूड असेल तर खर्जाची तार, काच असेल तर टिपरीसारखा, लोकर असेल तर गिटारचा असा आवाज बदलतो. पण त्याचे स्वर माझ्या पेटीसारखेच सप्तकाचे बारा समान भाग करून बांधलेले आहेत. मूळ स्वराच्या कंपनसंख्येला १ मानले तर त्यातील शुद्ध गांधार सुमारे १.२६ वर येतो. तंबोऱ्याच्या तारेत आपोआप उमटणारा गांधार १.२५ वर असतो. हा फरक ज्याच्या कानाला एकदा कळला त्याला तो आयुष्यभर टोचत राहतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली तेव्हा तिच्यातून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) निघत नाही आणि तिचे स्वर समान अंतरांनी बांधलेले आहेत, हेच आक्षेप त्यामागे होते. ‘प्लेसाउंड’ला मात्र पट्टीचा आकडा दशांशात देता येतो. गांधार १.२५, पंचम १.५, असे थेट लिहायचे आणि ऐकायचे. आमच्या सांगलीकडच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींचे (सप्तकातील सूक्ष्म स्वरांचे) गणित पेटीत उतरवण्यासाठी जो खटाटोप केला, तो आठवून मला त्या संध्याकाळी अंमळ हसू आले आणि थोडे भरूनही आले.

मग नातीने आणि मी मिळून तंबोरा बांधला. नोट ब्लॉकचा गिटारचा आवाज घेतला, चार कमांड ब्लॉक मांडले आणि त्यांत अनुक्रमे ०.७५, १, १ आणि ०.५ हे आकडे भरले: मंद्र पंचम, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज. मधली अंतरे रेडस्टोन रिपीटर या, संकेत थोडा थांबवून पुढे पाठवणाऱ्या भागाने राखली. एक रिपीटर जास्तीत जास्त ०.४ सेकंद थांबतो, म्हणून एकापुढे एक लावावे लागले. योगायोग असा की जावा आवृत्तीत पट्टी ०.५ च्या खाली जात नाही आणि २ च्या वर जात नाही, म्हणजे खर्जापासून तार षड्जापर्यंतची जागा नेमकी मिळते. षड्ज काळी तीनचा लागला. जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, अर्थातच नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची सर त्याला येणार नाही, आणि तसा माझा दावाही नाही. पण अपूर्णांकांना कंटाळणारी मुलगी ०.७५ ऐवजी ०.७ भरल्यावर ‘आजोबा, हे बेसूर आहे’ असे स्वतः म्हणाली.

म्हणून शिबिरे भरवणाऱ्यांना आणि शाळांतील संगणकशिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी आज्ञांचे बटण बंद न करता पहिल्याच तासाला ‘प्लेसाउंड’ आणि ‘स्टॉपसाउंड’ या दोन्ही आज्ञा एकत्र शिकवाव्यात, पारितोषिकांना धक्का लागू नये म्हणून सरावासाठी वेगळे जग उघडून द्यावे, आणि रिपीटवरचा ठोकळा स्वतःहून चालू न राहता कळ दाबल्यावरच चालेल असा ठेवायला सांगावे. कोण्या मुलाने पुन्हा वीज कडकडवलीच, तर ती थांबवण्याचे काम त्याच्याकडेच सोपवावे.

आपला,
एक निवृत्त गणितशिक्षक, मिरज