आईच्या हातात मूळ ठेवणाऱ्या माळीमामांना

आदरणीय माळीमामा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीची बाग बघायला तुम्ही येता, तेवढीच आपली ओळख. तरी एका हाकेसरशी वर आलात. समोर बोलायला गेले की गळा दाटून येतो, म्हणून लिहिते आहे.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आईचा दिवस पलंगावरच जातो. समोरच्या खिडकीवर तिनेच वाढवलेला मनीप्लांट. तोच पिवळा पडायला लागला होता. ज्या दुकानदाराने बिनभोकाची शोभेची कुंडी आमच्या गळ्यात मारली, त्यानेच पिवळ्या पानांवर उपाय म्हणून खत विकलं, काळे डाग दिसल्यावर औषधाची बाटली दिली आणि शेवटी म्हणाला, "टाकून द्या, नवीन घ्या." मातीत बोट घालून बघायची तसदी काही घेतली नाही. दुसरे एक जाणकार घरी येऊन गेले. ते आईच्या उशाशी उभे राहून सगळं मलाच विचारत होते.

तुम्ही आधी माती हुंगलीत. "खताचं काम नाही, मुळं गुदमरलीत," म्हणालात आणि वेल अलगद बाहेर काढलीत. मग जे केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. एक पांढरं, टणक मूळ आणि एक तपकिरी मूळ आईच्या चालत्या डाव्या हातात दिलंत. "आजी, चिमटीत धरून ओढा बघू." तपकिरी मुळाची साल सुटून आली, आत नुसता दोरा राहिला.

"हे कुजलंय," आई म्हणाली.

"बरोबर. आता कापायचं कुठं ते तुम्ही सांगा."

प्रत्येक पेराशी नख लावून आतला हिरवेपणा तुम्ही तिला दाखवत होता आणि ती सांगेल तिथेच कात्री चालवत होता. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर हिरवं राहील, पण पेराशिवाय वेल व्हायची नाही, हेही तिलाच समजावलंत. आजारी माणसाबद्दल सगळे बोलतात, मामा. त्याच्याशी कोण बोलतं? मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं भेटायला येऊन गेली, पण असं कुणाला सुचलं नाही. पैसे तर तुम्ही घेतलेच नाहीत.

ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची, झाडांच्या खोडांवर चढणारी, असं माझ्या मुलाने वाचून दाखवलं. तेव्हापासून आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की हिला ओल चालते, मातीत साचलेलं पाणी चालत नाही. बोलताना जीभ अडखळते, पण वाक्य पुरं करते.

कापून पाण्याच्या बरणीत ठेवलेल्या फांद्यांना बोटभर मुळं फुटली आहेत. मातीत कधी लावायच्या आणि विटांचे तुकडे तळाला किती घालायचे, असं आई विचारते आहे. सवडीने या आणि तिलाच सांगा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ताई