पियानोवर कोण होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्रजी आर्ट साँग, म्हणजे कवितेवर गायक आणि पियानो यांच्यासाठी रचलेलं गाणं, आणि टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकांवर पानभर लेख आला. मराठी दैनिकात या विषयाला एवढी जागा मिळालेली मी तरी पाहिली नव्हती, त्यामुळे चहा बाजूला ठेवून वाचायला घेतला. दुसऱ्या स्तंभात मात्र थांबले. कवी जॉन डनच्या सुनीतांवरची इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनची गाणी टेनर पीटर पिअर्सने १९४५ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये ‘पियानोच्या साथीने’ पहिल्यांदा गायली, असं तिथे म्हटलं आहे. साथ कोणाची, हे पुढे कुठेच नाही. मी लेख दोनदा वाचला.

पियानोवर स्वतः ब्रिटन होता. ज्याने ती नऊ गाणी रचली तोच ती वाजवत होता आणि आपल्या लेखात तो नुसता ‘पियानो’ झाला! त्याच उन्हाळ्यात तो व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिनबरोबर जर्मनीत गेला होता. बर्गन-बेल्झनच्या छळछावणीतून वाचलेल्या माणसांसमोर दोघांनी वाजवलं. परत आल्याबरोबर ऑगस्टमध्ये त्याने ही गाणी लिहून काढली. पहिलं गाणं सुरू होतं तेव्हा पियानोत एकच स्वर घण घातल्यासारखा आपटत राहतो आणि गायकाला त्याच्या वर आपला आवाज उभा करावा लागतो. याला आपण ‘साथ’ म्हणणार?

‘साथ’ या शब्दाशी माझं भांडण नाही. आपल्याच दैनिकात एखाद्या मैफलीचं परीक्षण येतं, तेव्हा शेवटी ठरलेलं वाक्य असतं : तबल्यावर अमुक, संवादिनीवर तमुक यांनी समर्पक साथ केली. एका वाक्यात का होईना, नावं येतात. पियानो वाजवणाऱ्याच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. शिवाय संवादिनीवाला गायकाचा अंदाज घेत त्याच्या मागोमाग जातो, त्याची ती विद्याच आहे. आर्ट साँगमध्ये पियानोचा प्रत्येक स्वर संगीतकाराने गाण्याबरोबरच लिहिलेला असतो. कवितेचा अर्धा अर्थ तिथे असतो. कधी गायक जे बोलत नाही ते पियानो बोलतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नव्वदच्या दशकात मुंबईत एक इंग्रज टेनर आले होते आणि पियानोवर मला पियानो शिकवणाऱ्या माझ्या बाई होत्या. मी त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर पानं उलटायला बसले होते. थॉमस हार्डीच्या कवितांवरची ब्रिटनची १९५३ ची ‘विंटर वर्ड्स’ ही आठ गाणी होती. त्यातलं सातवं रेल्वे स्टेशनवरचं. फलाटावर एक पोलीस आणि बेड्या घातलेला कैदी गाडीची वाट बघताहेत. एक लहान मुलगा म्हणतो, माझ्याकडे स्वतःचे असे पैसे नाहीत, पण व्हायोलिन वाजवून दाखवतो. तो वाजवू लागतो, आणि कैदी एकाएकी गायला लागतो : असं मोकळं आयुष्यच आपल्याला हवं! पोलीस हसतो, पण काही बोलत नाही.

रंगमंचावर व्हायोलिन नसतंच. ते पियानोतून यावं लागतं. एकदम वाजणाऱ्या भरभक्कम स्वरसमूहांचा आधार काढून घेतलेला, मोकळ्या तारा छेडल्यासारखी एकेरी ओळ. तालमीत बाई ते पान पुन्हा पुन्हा वाजवत. ‘अजून पियानोच ऐकू येतोय,’ म्हणत आणि परत सुरू करत. त्या पानावर त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘श्वास मुलाचा, गायकाचा नव्हे.’ ती स्वरलिपी आज माझ्याकडे आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, पण वाचता येते.

त्या संध्याकाळी पत्रिकेवर टेनरचा फोटो होता, दोन परिच्छेद माहिती होती, आणि बाईंबद्दल चार शब्द : ‘सोबत पियानोची साथ असेल.’ कार्यक्रम सुरू होण्याआधी आयोजकांपैकी एक गृहस्थ आले आणि न विचारता, आवाज दबावा म्हणून पियानोचं झाकण खाली करून गेले. ‘लोक गाणं ऐकायला येतात, बाई,’ म्हणाले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. जेरल्ड मूरसारख्या जन्मभर गायकांबरोबर वाजवलेल्या माणसाने १९६२ मध्ये आपल्या आठवणींना नाव दिलं, ‘मी फार मोठ्याने वाजवतोय का?’ ते का दिलं, हे मला त्या झाकणाने शिकवलं.

शेवटी पुष्पगुच्छ एकच होता. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात फोटो आला, त्यात टेनर होते, पियानोची कड होती आणि बाईंचं कोपर होतं. ते कात्रण मी जपून ठेवलंय. रविवारच्या आपल्या फोटोची चौकटही अगदी तशीच कापली आहे. म्हणून हे पत्र.

लेखात आणखी एक विधान आहे, की इंग्रजी टेनरसाठीची गाणी ब्रिटनबरोबर संपली. हे साफ चूक आहे. संगीतकार सॅली बीमिश यांनी २००७ मध्ये फारसी कवी हाफिजच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादावर टेनर आणि पियानोसाठी चार गाणी लिहिली; बुलबुल, मोर, मासा आणि हुदहुद. जॅझमधला पियानोवादक ब्रॅड मेल्डाऊ याने टेनर इयन बॉस्ट्रिजसाठी अख्खी गीतमाला रचली, त्यात शेक्सपिअर, ब्लेक, येट्स आहेत. २०२३ मध्ये तिचं ध्वनिमुद्रण आलं. तिथेही पियानोवर संगीतकार स्वतःच आहे. लेखकाने ते ऐकलं असतं, तर ‘साथ’ हा शब्द लिहिताना हात अडखळला असता.

आता लिहायला बसलेच आहे तर हेही सांगते. ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम बऱ्याचदा होऊन गेल्यावर छापले जातात. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीला घेऊन मी विलेपार्ल्याहून थेट दक्षिण मुंबईत गेले. दारावर पहारेकरी म्हणाला, तो कार्यक्रम काल झाला. तिने पहिल्यांदाच टेनर आणि पियानो समोर बसून ऐकला असता. सोमवारी क्लासला आली तेव्हा तिने विचारलं, परत कधी आहे? मला सांगता आलं नाही.

माझी मागणी लहान आहे. येत्या रविवारी त्याच पुरवणीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात, एक ओळ छापा : विगमोर हॉल, २२ नोव्हेंबर १९४५, गायक पीटर पिअर्स, पियानो बेंजामिन ब्रिटन.

आपली,
एक पियानो शिक्षिका,
विलेपार्ले (पूर्व)