अथर्वच्या मानेबद्दल, बर्मिंगहॅमहून

बर्मिंगहॅम,
१२ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

अथर्व खोलीत गाणी लावून जोरजोरात मान हलवतो, त्याला हेडबँगिंग म्हणतात हे कळल्यावर तुम्ही ते नेटवर शोधलंत आणि घाबरलात, असं दादाच्या फोनवरून समजलं. तुमच्यापुढे आलेली पानं बहुतेक तान्ह्या मुलांबद्दलची असणार. बालरोगतज्ज्ञ हाच शब्द झोप लागताना पाळण्याच्या कठड्यावर तालात डोकं आपटणाऱ्या बाळांसाठी वापरतात. ही सवय साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास लागते आणि बहुतेक मुलांची तीन-चार वर्षांपर्यंत आपोआप सुटते. काही मुलांत ती टिकते, म्हणून त्या पानांवर स्वमग्नतेचा उल्लेख येतो. सतरा वर्षांच्या, गिटार वाजवणाऱ्या मुलाशी त्याचा काही संबंध नाही.

गाण्यातल्या हेडबँगिंगची सुरुवात मात्र खरोखर डोकं आपटण्यातून झाली असं सांगतात. १९६९च्या जानेवारीत लेड झेपलिन हा इंग्लिश बँड अमेरिकेत बॉस्टन टी पार्टी नावाच्या सभागृहात वाजवत होता, तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं तालावर स्टेजच्या कडेला डोकं आपटत होती, अशी ती हकीकत. मोटरहेड या इंग्लिश बँडचा गायक लेमी याचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते हे नाव त्यांच्याच बँडच्या चाहत्यांवरून पडलं असावं; पण तो बँड १९७५चा. पुढे आपटणं मागे पडलं, हवेतल्या हवेत मान हलवणं उरलं आणि नाव तेच राहिलं. १९८३मध्ये क्वायट रायट या बँडचा ‘मेटल हेल्थ’ हा अल्बम अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला; त्याच्या शीर्षकगीतात डोकं आपटायचीच हाक आहे. १९८७मध्ये एमटीव्हीने ‘हेडबँगर्स बॉल’ सुरू केलं आणि हेडबँगर म्हणजे मेटल, म्हणजे कर्कश गिटारींचं जोरकस रॉक संगीत, ऐकणारा, एवढा साधा अर्थ घरोघर गेला. इथे ब्रिटनमध्ये त्याला आणखी एक छटा आहे: पक्षातल्या टोकाच्या, कुणाचं न ऐकणाऱ्या पुढाऱ्यांनाही वर्तमानपत्रं हेडबँगर म्हणतात.

तर अथर्व काही आपटत नाही. तरीही काळजी घ्यायला हवी, कारण इजा होते ती धडकेने नव्हे, हिसक्याने. मोठ्या माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. प्रत्येक ठोक्याला ते खाली फेकायचं आणि मानेच्या मागच्या स्नायूंनी झटक्यात थांबवायचं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २००८मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचं गणित मांडलं. हेडबँगिंगच्या गाण्याची सरासरी लय मिनिटाला १४६ ठोके. त्या लयीत मान ७५ अंशांपेक्षा जास्त हलली तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते: डोकेदुखी, गरगरणं. चार मिनिटांचं एक गाणं म्हणजे ५८४ हिसके झाले, वहिनी. दुसऱ्या दिवशी मान आखडणारच.

म्हणून अथर्वला बंदी घालू नका, पद्धत शिकवा. त्याच संशोधकांनी सुचवलेला उपाय सोपा आहे: प्रत्येक ठोक्याला नाही, एकाआड एक ठोक्याला मान हलवायची. हिसके निम्म्यावर येतात, ताल सुटत नाही. पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं आणि हालचाल कमरेतून, पाठीतून काढायची. मान त्या लाटेचं शेवटचं टोक. डोकं मागे झटकायचं नाही. आधी पाच मिनिटं खांदे आणि मान हळूहळू मोकळी करायची, आणि दोन-तीन गाण्यांनंतर थांबायचं.

केस मोकळे सोडून मान गरागरा फिरवायचा जो प्रकार आहे, आपल्याकडे अंगात आल्यावर बायका घुमतात तसा, तो मात्र त्याने सोडावा हे बरं. त्यात मान वाकते आणि त्याच वेळी पिळलीही जाते. स्लेयर या मेटल बँडचा गायक टॉम अराया याला २०१०मध्ये मानेची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि त्यानंतर त्याने हेडबँगिंग बंदच केलं. असे वादक वर्षानुवर्षं, गळ्यात जड गिटार अडकवून हे करतात. अथर्वचं तसं नाही, पण सवय याच वयात लागते.

आता लक्षणं. मान दोन-तीन दिवस आखडली तर शेक द्या, विश्रांती द्या. पण डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत गेली, उलट्या झाल्या, हाताला मुंग्या आल्या किंवा जोर कमी वाटला, बोलणं अडखळलं, एकाच बाजूला मान कधी नव्हे इतकी दुखली, तर थेट हॉस्पिटल गाठा आणि मान हलवल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. जर्मनीत हॅनोव्हरला पन्नाशीतला एक गृहस्थ दोन आठवडे वाढत गेलेली डोकेदुखी घेऊन आला होता. कुठे पडला नव्हता, कुठे धडकला नव्हता. चार आठवड्यांपूर्वी मोटरहेडच्या कार्यक्रमात मान हलवली होती, एवढंच. मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त साचलं होतं. कवटीला छिद्र पाडून ते काढलं आणि तो बरा झाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१४मध्ये ही नोंद छापून आली. अशी उदाहरणं फार थोडी आहेत, पण डॉक्टरांना कारण कळलं तर स्कॅन लवकर होतो.

दादाला आणि आईला नमस्कार.

तुमचा,
श्रीकांत

ता. क. : अथर्व कार्यक्रमांना जाऊ लागला की मानेइतकीच कानांची काळजी घ्यायला सांगा. १०० डेसिबल आवाजात उघड्या कानांनी १५ मिनिटं ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा मानतात, आणि मेटलचा कार्यक्रम दोन-दोन तास चालतो. औषधांच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांत बारीक वळून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. नुसते टेकवले तर उपयोग होत नाही.