मऊ टॉर्टियांसाठी मंजूला पत्र

मोंतेरेय, मेक्सिको

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. दुमडल्याबरोबर मधोमध तडकलेल्या त्या टॉर्टिया, इथल्या त्या पातळ मेक्सिकन रोट्या, पाहून आधी हसूच आलं, खोटं कशाला सांगू! तू लिहितेस, ‘भाकरी डोळे मिटून थापते, मग हेच का जमू नये?’ अगं, तुझ्या हाताला नाव ठेवायची कुणाची टाप आहे? पीठच मुळात ते नव्हे. दुकानातलं मक्याचं पीठ आणून गरम पाण्यात मळलंस ना? त्याची भाकरी होईल, पिठल्याबरोबर छान लागेल, पण तिच्यात सारण भरून दुमडायला गेलीस की ती मोडणारच.

इथे मका दळायच्या आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. सगळी मेख तिथे आहे. अशा मक्याला निश्तामाल म्हणतात आणि ही रीत निदान तीन हजार वर्षांची जुनी. चुन्याने दाण्याची साल सुटते, सालीतला थोडा भाग विरघळून चिकट होतो, आतला स्टार्च अर्धवट शिजतो आणि पीठ एकमेकांना धरून राहतं. मक्यात गव्हासारखं ग्लुटेन नसतंच, त्यामुळे लवचीकपणा यायचा तो असाच. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी अंगी लागत नाही, ते चुन्यामुळे मोकळं होतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुन्याची रीत मात्र इथेच राहिली. पुढे इटलीत आणि स्पेनमध्ये नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, वेड लागायचं, माणसं मरायची. इथल्या बायकांना जीवनसत्त्वाचं नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण रोजच्या चुन्याने त्यांची घरं त्यातून वाचली.

आमच्या शेजारच्या बाई मूळच्या वाहाकाच्या, दक्षिणेकडच्या. त्या अजून घरी मका शिजवतात. किलोभर वाळलेला मका, तीन लिटर पाणी आणि १० ग्रॅम विझवलेला चुना. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवायचं आणि आच बंद करून रात्रभर तसंच झाकून टाकायचं. पाणी पिवळं होतं आणि स्वयंपाकघरात नुकताच चुना दिलेल्या भिंतीवर पाणी मारल्यासारखा वास भरतो. सकाळी त्या एक दाणा चिमटीत धरून चोळतात. साल बोटाला चिकटून आली पाहिजे. मग तोच दाणा नखाने तोडून बघतात. बाहेरून शिजलेला आणि आत बारीकसा कच्चा ठिपका दिसला की खूश. ठिपका नसला तर मका जास्त शिजला, पीठ चिकचिक करणार. मग दाणे चोळून दोन पाण्यांनी धुवायचे आणि ओलेच वाटायचे.

तुला करून बघायचं असेल तर चुना खाण्याचाच घे, विझवलेला. कळीचा चुना अजिबात नको, पाणी लागताच उकळतो आणि भाजतो. रंगाच्या दुकानातलाही नको. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमला चुना खातो. मका दाण्यांचा, चांगला वाळलेला. स्वीट कॉर्नचं हे काम नाही. वाटताना मिक्सर पाणी मागेल, तरी चमच्या-चमच्यानेच दे. सैल झालंच तर पुढे सांगते ते कोरडं पीठ थोडं मिसळून सावरता येतं.

एवढा खटाटोप नको असेल तर निश्तामालचं कोरडं पीठ मिळतं, मासा आरिना नावाने. मासेका नावाने ते विकणारी मोठी कंपनी १९४९ साली आमच्याच नुएवो लेओन राज्यातल्या सेराल्बो गावात सुरू झाली. शेजारच्या बाई त्या पिठाकडे नाक मुरडतात. मी मुरडत नाही. कामावरून आल्यावर कोण मका चोळत बसणार? तिकडे मोठ्या शहरांत आयात मालाच्या दुकानात बघ, महाग पडेल, पण पाकीट बरंच पुरतं.

दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी. मळून ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेव, पीठ पाणी पिऊन घेतं. मग लिंबाएवढा गोळा करून अंगठ्याने दाब. कडेला चिरा गेल्या तर पाण्याचा हात लाव, तळव्याला चिकटला तर चिमूटभर पीठ. या एका परीक्षेवर पुढचं सगळं आहे, घाई करू नकोस. तुझ्याकडे पुरी दाबायचं यंत्र आहे ना? तेच वापर. वर-खाली दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक कापून घाल.

लोखंडी तवा चांगला तापव, तेल नको. पंधरा-वीस सेकंदांत कडा तव्यापासून सुटतात, लगेच उलट. दुसरी बाजू मिनिटभर राहू दे, तिच्यावर ठिपके पडतील. परत उलटलीस की मधोमध बोटांनी हळूच दाब, टम्म फुगेल. फुलक्यासारखी जाळावर टाकू नकोस आणि ‘अजून जरा भाजू दे’ हा आपला मोह आवर. जास्त भाजलं की पाणी उडतं आणि तिथेच कडक होते.

तव्यावरून उतरलेली टॉर्टिया लगेच दुमडून बघशील तर कडा कोरड्याच लागतील. तिला जाड सुती फडक्यात, एकीवर एक, दुरडीत झाकून दहा मिनिटं ठेव. आपल्याच वाफेत त्या मऊ पडतात. इथल्या प्रत्येक जेवणाच्या टेबलावर असं फडकं असतं आणि एक काढली की परत झाकायचं, उघडं टाकलं तर घरातली मोठी माणसं ओरडतात.

आता तुझ्या लेकीच्या वाढदिवसाचं. वीस पोरं येणार म्हणतेस, तर मक्याच्या भानगडीत पडूच नकोस. मैद्याच्या कर. त्या काही कमअस्सल नव्हेत हो. गहू स्पॅनिश लोकांनी आणला, तो या उत्तर भागात रुजला आणि आमच्याकडे सकाळचा माचाकादो, म्हणजे सुकवलेलं मांस घातलेली अंडाभुर्जी, मैद्याच्या टॉर्टियाशिवाय कुणी खात नाही. वायव्येकडच्या सोनोरा राज्यात तर हातावर ताणत ताणत कोपरापर्यंत पोचणारी, आरपार दिसेल एवढी पातळ करतात. ती बघताना मला आपले मांडे आठवतात.

अर्धा किलो मैदा, दोन चमचे मीठ आणि १०० ग्रॅम मोहन. इथे डुकराची चरबी घालतात, तू तूप घाल. कंजूषपणा करू नकोस, मऊपणा मोहनातूनच येतो. तूप पिठाला आधी चांगलं चोळ. मग हाताला सोसेल इतकं गरम पाणी, साधारण पाव लिटर, थोडं थोडं घालत मळ. गार पाण्याने मळलंस तर लाटताना आकसते. लाट्या करून अर्धा तास झाकून ठेव. ही अर्ध्या तासाची विश्रांती टाळलीस की लाटणं उचललं की ती मागे येणार. पीठ फार न लावता पातळ लाट, तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट, फोड आले की उतरव आणि फडक्यात. काहीजण बेकिंग पावडर घालतात, मला ती चव आवडत नाही. कणकेच्या केल्या तर चालतील का, असंही विचारलंयस. चालतील की, पण मग ती पोळीच झाली, तिला टॉर्टिया कशाला म्हणायचं?

आदल्या दिवशी करून ठेवायच्या असतील तर फ्रिजमध्ये नको. फ्रिजच्या गारव्यात स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो. फ्रीझरमध्ये चालतं, मध्ये कागद घालून. पोरं आली की तव्यावर गरम करून परत फडक्यात गुंडाळ. मक्याच्या शिळ्या उरल्या तर इथे त्यांचे तुकडे तळून लाल नाहीतर हिरव्या साल्सात, म्हणजे पातळ चटणीत, घोळवतात, वर कांदा आणि चीज. त्याला चिलाकिलेस म्हणतात. त्यासाठी मी मुद्दाम जास्त करते.

सारणाला राजमाच घे, मऊ शिजवून लसणावर परतलेला. पोरांना तिखट वेगळं ठेव.

आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का ते कळव. आणि मका कुठला मिळतो तेही लिही, पांढरा मिळाला तर उत्तम. भाऊजींना नमस्कार, लेकीला वाढदिवसाचा आशीर्वाद.

तुझी,
वसू