दुर्बीण चांगली, पण प्रत्येक कर्करोगाला नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्य पुरवणीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे जे फायदे छापले आहेत, ते सगळे खरे. रक्त कमी जाते, दुखणे कमी, बाई लवकर घरी. माझी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, त्यामुळे हे जवळून पाहिले आहे. पण गर्भाशयमुखाचा कर्करोगही दुर्बीण चालेल अशा आजारांच्या यादीत सहज बसवून टाकलेला पाहून राहवले नाही.

सुरुवातीच्या टप्प्यातल्या या कर्करोगात पोट उघडावे की दुर्बीण वापरावी, याची तुलना अनेक देशांतल्या ३३ केंद्रांत ६३१ स्त्रियांमध्ये झाली. निष्कर्ष २०१८ साली आले. साडेचार वर्षांनंतर आजार न उलटलेल्या स्त्रिया पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, तर दुर्बीण किंवा रोबो वापरलेल्या गटात ८६ टक्के. मृत्यूही दुसऱ्याच गटात जास्त. शल्यविशारदांचा अंदाज अगदी उलटा नसला, तरी दोन्ही सारखेच ठरतील असा होता!

असे का झाले, याचे पक्के उत्तर अजून नाही. संशय आहे तो गर्भाशय हलवण्यासाठी खालून घालतात त्या उपकरणावर, कारण ते गाठीलाच रगडते. शिवाय योनीमार्ग आतून कापला की गाठ पोटात उघडी पडते, आणि पोट तर वायूने फुगवलेले असते. पुढे युरोपातल्या एका अभ्यासात ते उपकरण न वापरलेल्या स्त्रियांचे निकाल पोट उघडलेल्यांच्या बरोबरीचे दिसले. म्हणजे दोष सरसकट दुर्बिणीचा नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही पेशी दुर्बिणीसाठी पाडलेल्या भोकांच्या जागी रुजतील अशी भीती होती. २००४ सालच्या अमेरिकी चाचणीत ती खरी ठरली नाही.

साध्या समजल्या जाणाऱ्या फायब्रॉइडचेही, म्हणजे गर्भाशयातल्या गाठीचेही, तसेच. गाठ आतल्या आत यंत्राने किसून काढली आणि तीत सार्कोमा हा कर्करोग दडलेला असला, तर तो पोटभर पसरू शकतो. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांत एकीला असा छुपा सार्कोमा असतो, असे सांगत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये या यंत्राविरुद्ध इशारा दिला. आपल्याकडे पिशवी काढायला निघालेल्या किती बायकांना हे कुणी सांगते?

या विषयावर एखाद्या कर्करोग शल्यविशारदाकडून सविस्तर लिहून घ्यावे. त्या पानाखाली रुग्णालयाची जाहिरात मात्र नको.

एक निवृत्त परिचारिका, मिरज